आधी किडा, मग माणूस : प्राण्यांची पात्रं असलेलं उपरोधिक नाटक बसवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जिल्ह्याच्या गावात तुमची हौशी नाट्यसंस्था आहे, बारा-चौदा जण आहात. माणसाच्या हावरेपणावर आणि लाचारीवर दोन अंकी उपरोधिक नाटक लिहिलंय, आणि त्यातली सगळी पात्रं प्राणी आहेत : वाघ, कोल्हा, माकड, गाढव. वाचनाला सगळे खळखळून हसले. पण मुखवटे आणि शेपट्या लावून तालीम सुरू झाली तसं ते बालनाट्य वाटायला लागलं. बोचायला हवं तिथे गोड वाटतंय. मुखवटे बदलू की नेपथ्य, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही बदलू नका, निदान आत्ता तरी. तुम्ही पाठवलेले पहिले दोन प्रवेश मी नीट वाचले. त्यात एक नगरसेवक आहे, त्याचा चमचा आहे, एक कंत्राटदार आहे आणि एक भोळा मतदार आहे. लिहून झाल्यावर त्यांना वाघ, कोल्हा, माकड, गाढव अशी नावं दिली आहेत. ती नावं काढून माणसांची नावं घातली तर एकही वाक्य बदलावं लागत नाही. म्हणजे तुमच्या नाटकात प्राणी नाहीतच, प्राण्यांचे नुसते अंगरखे आहेत. अंगरखा दिसला की प्रेक्षक त्याच्याकडे गंमत म्हणून बघतो आणि आतल्या माणसाला सोडून देतो. बोचणारा उपरोध उलट्या वाटेने येतो. आधी खरा प्राणी, त्याची चाल, त्याची भूक, त्याची सवय. ती बघता बघता प्रेक्षकाला आपणहून जाणवलं पाहिजे की हे मी कुठेतरी पाहिलंय, बहुतेक घरातच.

हे मी शिकलो ते एका नाटकाकडून, आणि ते मी दोन वेळा बसवलंय, म्हणून त्याच्याच आधाराने सांगतो. कारेल आणि योसेफ चापेक या चेक भावांचं कीटकांचं नाटक. मूळ नावाचा अर्थ ‘कीटकांच्या आयुष्यातून’. ३ फेब्रुवारी १९२२ ला ब्रनो शहरात त्याचा पहिला प्रयोग झाला आणि दोन महिन्यांनी प्राग इथल्या राष्ट्रीय नाट्यगृहात के. एच. हिलार यांनी ते बसवलं. पहिलं महायुद्ध संपून तीन-साडेतीन वर्षंच झाली होती. कारेल यांनी याच सुमाराला आपल्या दुसऱ्या नाटकातून ‘रोबो’ हा शब्द जगाला दिला, आणि तो त्यांना सुचवला होता योसेफ यांनी.

नाटकाची बांधणी सोपी आहे. एक दारू प्यायलेला भटक्या रानात आडवा होतो आणि त्याला आसपासचे किडे दिसायला, ऐकू यायला लागतात. पहिल्या अंकात फुलपाखरं : प्रेमाचे चाळे, कविता, मत्सर, आणि कशातच जीव न गुंतणं. दुसऱ्या अंकात पोटामागे आणि पुंजीमागे धावणारे किडे. तिसऱ्यात मुंग्या. शेवटी उपसंहारात एका रात्रीपुरत्या जगणाऱ्या माश्या उजेडात नाचतात, मरून पडतात, आणि भटक्याही मरतो. अंकांमध्ये कथानकाचा धागा जवळजवळ नाही. सुरुवातीपासून तो भटक्या आणि दुसऱ्या अंकापासून एक कोष, एवढेच दोघं शेवटपर्यंत आहेत.

किडेच का निवडले असतील? माझं मत असं की किड्यांना आधीपासून स्वभाव चिकटलेला नसतो. कोल्हा म्हटला की लबाड, गाढव म्हटलं की मूर्ख, हे आपण बालवाडीतच शिकून येतो. कोल्हा विंगेतून बाहेर यायच्या आधीच प्रेक्षकाला तो कळलेला असतो, मग नटाने करायचं काय? आपल्याकडे तर आणखी एक अडचण आहे. वाघ किंवा हत्ती स्टेजवर आला की लोकांच्या डोक्यात आधी पक्ष येतो, प्राणी नंतर. ज्या किड्याकडे कुणी कधी दोन मिनिटं थांबून बघितलंच नाही, तो मात्र प्रत्येक हालचालीने नवं काहीतरी सांगतो. फक्त मुंगीचा अपवाद. मुंगी उद्योगी, मुंगी शिस्तीची, हे सगळ्यांनी पाठ केलेलं आहे. चापेक बंधूंनी नेमकं तेच कौतुक घेतलं आणि ते शेवटपर्यंत ताणलं. त्याकडे नंतर येतो.

आता शेणकिडा. याच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण तुम्हाला हवं असलेलं उत्तर इथेच आहे.

शेणकिडा शेणाचा गोळा करतो आणि तो लोटत नेऊन जमिनीत पुरतो. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर कुठल्याही गुरांच्या वाटेवर हे बघायला मिळतं. फ्रान्समधले कीटकनिरीक्षक झाँ-आंरी फाब्र यांनी १८७९ पासून १९०७ पर्यंत दहा भागांत कीटकांवर जे लिहून ठेवलं, त्याची सुरुवातच या किड्यापासून आहे. चापेक बंधूंना त्या लेखनातून पुष्कळ काही मिळालं. फाब्र यांनी एक गोष्ट टिपली आहे : एक किडा घाम गाळून गोळा लोटत असतो, तेवढ्यात दुसरा मदतीला आल्यासारखा येतो, हात लावतो, बरोबर चालतो, आणि संधी मिळाली की गोळा घेऊन पसार होतो. नाटकात याचंच घर-संसाराचं रूप आहे. नवरा-बायको गोळा घेऊन येतात. तो त्यांची आयुष्यभराची पुंजी. तो मिळाल्याच्या आनंदापेक्षा तो जाईल ही धास्ती मोठी, आणि ती धास्ती चालू असतानाच पुढचा गोळा कधी करायचा याचा विचार. नवरा पुरायला जागा शोधायला जातो. बायको राखण करते, पण तिचंही लक्ष एका बिळाकडे जातं. तिसराच किडा येतो आणि गोळा ढकलत नेतो. नवरा परत येतो तेव्हा बायकोही जागेवर नाही आणि गोळाही नाही. त्याचा आक्रोश गोळ्यासाठी असतो.

पहिल्यांदा बसवलं तेव्हा आम्ही तुमच्यासारखंच केलं. दोघांच्या डोक्यावर शिंगांसारख्या मिश्या, पाठीवर काळं चकचकीत कवच, आणि थर्मोकोलचा हलका गोळा. दोन्ही कलाकार चांगले होते. हशा भरपूर आला आणि शेवटच्या आक्रोशालाही हशाच आला. तो प्रवेश पडला होता. लोक हसत होते म्हणून ते आम्हाला बरेच दिवस कळलं नाही.

दुसऱ्या वेळी, नऊ वर्षांनी, मी दोघांनाही संहिता दिली नाही. गावाबाहेर जनावरांच्या वाटेवर जाऊन खरे शेणकिडे बघून या, म्हटलं. तिसऱ्या दिवशी नवऱ्याची भूमिका करणारा मुलगा येऊन म्हणाला, “सर, तो गोळ्याकडे बघतच नाही.” त्याने जमिनीवर करून दाखवलं. हा किडा पुढचे पाय जमिनीवर टेकतो, डोकं खाली, मागचे पाय गोळ्यावर, आणि उलटा चालतो. ज्याच्यासाठी एवढी धडपड चाललीय ते त्याच्या पाठीमागे असतं आणि कुठे चाललोय ते त्याला दिसत नाही. तालमीच्या हॉलमध्ये सगळे गप्प झाले. त्या एका हालचालीत आख्खा प्रवेश होता, आणि आम्ही नऊ वर्षांपूर्वी तो गोळा समोरून, मोठ्या डौलाने ढकलत आणला होता.

मग गोळाही बदलला. वेताचा सांगाडा, त्यावर पोत्याचं कापड, आत भाताचं तूस आणि थोडी वाळू, मिळून १४ किलो. थर्मोकोलचा गोळा ढकलताना नट वजनाचा अभिनय करतो, खरं वजन असलं की त्याला तो करावा लागत नाही. लाकडी स्टेजवर तो गोळा फिरला की खालून घरघर आवाज यायचा. चोर तो घेऊन गेल्यावर विंगेत बराच वेळ ती घरघर ऐकू येत राहायची आणि हळूहळू विरायची. ही योजना माझी नाही, प्रकाशयोजना बघणाऱ्या मुलीच्या लक्षात आलं की आवाज थांबायच्या आत नवऱ्याने परत यायला नको. तेवढ्या सात-आठ सेकंदांच्या रिकाम्या स्टेजवर प्रेक्षागृहातलं हसू थांबायचं. पुढचा आक्रोश मग लोक वेगळ्याच कानांनी ऐकायचे.

म्हणून तुमच्या कलाकारांसाठी माझा नियम असा आहे. प्राणी बघा आणि तीनच गोष्टी घेऊन या. तो चालताना थांबतो कसा, वळतो कसा, आणि काहीच काम नसताना पायांचं किंवा तोंडाचं काय करतो. एवढं शरीरात बसलं की उरलेलं सगळं काढून टाका. सबंध अंक उकिडवं बसून किंवा रांगून करायला लावू नका, गुडघे जातात आणि आवाज पोटातून यायचा बंद होतो. शेणकिड्याचा उलटा प्रवास आम्ही एंट्रीला एकदा आणि शेवटी एकदा, दोनदाच ठेवला. मधला सगळा वेळ दोघं सरळ उभे राहून बोलायचे, फक्त हात कधीच गोळ्यावरून पूर्ण निघायचा नाही.

याच अंकात पुढे जो शिकारी कीटक येतो, तो आपल्या लाडक्या लेकीसाठी, म्हणजे बिळातल्या अळीसाठी, रातकिडे मारून आणतो. लेक आत बसून कंटाळलीय, तिला खायला घालायचं आहे, मुलं असली म्हणजे आपण कशासाठी राबतो ते कळतं, असं तो भटक्याला मोठ्या समाधानाने सांगतो. याला मराठीत काय म्हणायचं यावर मी बरेच दिवस घालवले आणि शेवटी ‘कुंभारीण’ घेतली. भिंतीच्या कोपऱ्यात मातीचं घरटं लिंपणारी ही माशी तुम्ही पाहिली असेल. ती अळीला नांगी मारून बधिर करते, घरट्यात कोंडते, आणि तिची पिल्लं त्या जिवंत अळीवर वाढतात. आपल्या संतपरंपरेत याच दृश्याचा भृंगी-कीटक न्याय झालाय : भृंगीच्या ध्यासाने कीटक स्वतः भृंगी होतो, तसा शिष्य गुरुरूप होतो. घरट्यात अळी गेली आणि काही दिवसांनी माशी बाहेर आली, एवढंच बाहेरून दिसत होतं, त्यावरून ही सुंदर कल्पना निघाली. घरट्याच्या आत काय झालं ते चापेक बंधूंच्या नाटकात आहे. माझ्या प्रयोगात पुरुष पात्राची आई झाली आणि त्याने काही बिघडलं नाही, उलट बाळाला घास भरवण्याची लय तिच्या बोलण्यात आली. प्रेक्षकातल्या ज्येष्ठ बायका या प्रवेशाला सर्वांत आधी गप्प व्हायच्या.

ती ज्यांना मारते ते रातकिडे म्हणजे नवं जोडपं. बायको गरोदर आहे, दोघं नव्या घरात आलेत. घर मिळालं कसं, तर आधीच्या रातकिड्याला एका पक्ष्याने काट्यावर टोचून ठेवलं. आपल्याकडचा खाटीक पक्षी भक्ष्य असंच काट्याला अडकवतो. हे सांगताना दोघंही हसतात. इथे एक सूचना : हे हसू दुष्ट करू नका. कलाकारांना वाटतं की उपरोध आहे म्हणजे खलनायकी सूर लावायचा. तसं केलंत की प्रेक्षक सुटला. भाड्याची जागा शोधून दमलेल्या कुठल्याही जोडप्याला चांगलं घर मिळाल्यावर जेवढा निर्मळ आनंद होईल तेवढाच तो असू द्या. या अंकात समाजातल्या विषमतेवर तावातावाने बोलणारा एक बांडगुळ्या किडाही आहे. भटक्याला तो पटतो, आपल्यालाही पटतो. मग तो बिळात शिरतो आणि साठवलेलं सगळं, अळीसकट, खाऊन ढेकर देत बाहेर येतो. लेखकांनी गरीब म्हणून, आई-बाप म्हणून, कवी म्हणून कुणालाच सूट दिलेली नाही. तुमच्या संहितेत गाढवाला सूट आहे. तो बिचारा शेवटपर्यंत भोळाच राहतो, आणि प्रेक्षक स्वतःला गाढवाच्या जागी बसवून उरलेल्यांना हसतो. ती जागा काढून घ्या.

मुंग्यांच्या अंकावर थोडक्यात. एक आंधळी मुंगी सतत एक-दोन-तीन-चार मोजत असते आणि तिच्या ठेक्यावर बाकीच्या काम करतात. ठेका वाढवला की उत्पादन वाढतं. मग गवताच्या दोन पात्यांमधल्या वाटेवरून युद्ध होतं, हजारो मरतात, आणि जिंकलेला पिवळ्या मुंग्यांचा सेनापती स्वतःला विश्वाचा सम्राट जाहीर करतो. भटक्या त्याला बुटाखाली चिरडतो. हा अंक नेहमी घोषणा आणि कवायतीत वाया जातो. आम्ही सगळं काढून फक्त मोजणी ठेवली. लेझमीच्या सरावात असते तशी, थंड आणि न थांबणारी. बारा जणांत हा अंक होतो, जास्त माणसं लागत नाहीत.

आता तुमच्या मुखवट्यांबद्दल. १९१० मध्ये पॅरिसला एदमाँ रोस्ताँ यांचं कोंबड्याचं नाटक आलं. नटांना डोक्यापासून पायापर्यंत पिसांचे पोशाख आणि माणसं पक्ष्यांएवढी दिसावीत म्हणून अवाढव्य नेपथ्य. त्याची वाट सगळं शहर बघत होतं, आणि अपेक्षेएवढं ते भावलं नाही. आता उलट बाजू बघा. १९२३ मध्ये लंडनला चापेक यांचं नाटक झालं तेव्हा १९ वर्षांचा जॉन गिलगुड, पुढे नावाजलेला इंग्रज नट, कवी फुलपाखरू झाला होता, आणि त्याच्या अंगावर पांढरी फ्लॅनेलची पँट आणि रेशमी सदरा होता. १९६१ मध्ये न्यूयॉर्कला झीरो मॉस्टेल या नटाने इयोनेस्को यांच्या नाटकात लोकांसमोर माणसाचा गेंडा होऊन दाखवला, मुखवटा न घालता, नुसत्या अंगाने आणि आवाजाने.

आणि आपल्याला यासाठी न्यूयॉर्कला जायचीही गरज नाही. एकनाथांचं विंचवाचं भारूड आठवा. विंचू स्टेजवर कधीच येत नाही. दिसतो तो चावलेला माणूस : त्याची उडी, त्याचा घाम, त्याची आग. विंचू म्हणजे कामक्रोध, हे गाण्यात उघड सांगितलेलं असूनही अंगावर काटा येतो, कारण आधी वेदना खरी झालेली असते आणि अर्थ तिच्यावर चढतो. चांगला भारूडकार ही उडी किती जपून मारतो ते बघा. माझ्या संस्थेतल्या मुलांना मी दर वर्षी एक तरी भारूड समोर बसून ऐकायला लावतो.

मुखवटा वापरायचाच असेल तर अर्धा वापरा, नाक आणि कपाळ झाकणारा, ओठ मोकळे. पूर्ण मुखवट्यात शब्द अडकतो, शेवटच्या रांगेला काही कळत नाही. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात पूर्ण मुखवटे असतात, पण तिथे सोंग बोलत नाही, वाद्यांवर नाचतं, म्हणून तो मुखवटा तिथे जिवंत होतो. संवादावर चालणाऱ्या नाटकात त्याची नुसती नक्कल करून चालणार नाही.

भाषेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुमच्या संहितेत वाघ प्रमाण मराठी बोलतो, आणि गाढव व माकड बोलीत बोलतात. हे बदला, अगदी पहिल्या दिवशी बदला. आपल्या रंगभूमीला जुनी सवय आहे की हसू हवं तिथे वऱ्हाडी, मालवणी किंवा गावाकडची बोली टाकायची. माझ्याही पहिल्या प्रयोगात शेणकिडे वऱ्हाडी बोलत होते. आमच्यात वाशीमकडची एक मुलगी होती. तिने तालीम संपल्यावर मला शांतपणे विचारलं, “शेणाचा गोळा लोटणाराच माझी भाषा का बोलतो?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्राण्याला एखाद्या गावाची, जातीची, प्रदेशाची बोली दिली की नाटक माणसाच्या स्वभावावर राहत नाही, ते त्या माणसांवर होतं. आणि प्राणी समोर असल्यामुळे तो अपमान दुप्पट होतो. दुसऱ्या वेळी शेणकिड्यांना मी पुंजीची भाषा दिली : ठेव, व्याज, पोटाला चिमटा, जागा नावावर करणं, पोराबाळांसाठी. ही भाषा नागपूरच्या आणि रत्नागिरीच्या घरात सारखीच ऐकू येते.

आता राजकारण. तुमचा वाघ म्हणजे कोण हे गावातल्या प्रत्येकाला कळेल, आणि तेच तुम्हाला हवंय. मी अडवणार नाही. प्राचीन ग्रीक नाटककार ॲरिस्टोफेनीसने हेच केलं. इसवी सनपूर्व ४२२ मध्ये अथेन्समध्ये झालेल्या त्याच्या गांधीलमाश्यांच्या नाटकात न्यायदानाच्या आहारी गेलेले म्हातारे पंच मागे नांगी लावून येतात. त्यातल्या एका म्हाताऱ्याला घरातच कोर्ट मांडून दिलं जातं, आरोपी कोण तर घरचा कुत्रा, त्याने सिसिलीचं चीज चोरलं. साक्षीला चीजची खिसणी येते. फिर्याद करणारा कुत्रा म्हणजे तेव्हाचा पुढारी क्लेऑन आणि आरोपी म्हणजे सेनापती लाखेस, हे त्या दिवशी सगळ्या प्रेक्षकांना माहीत होतं. आज ते दोघं फक्त अभ्यासकांना माहीत आहेत. पण दया यावी म्हणून कोर्टासमोर कुत्र्याची केकाटणारी पिल्लं आणून उभी करतात, ती जागा आजही वाचताना जशीच्या तशी लागू पडते. तेव्हा तुमच्या गावातल्या पुढाऱ्याचं नाव जाऊ द्या नाटकात, पण त्या पिल्लांसारखं काहीतरी आधी शोधा.

तुमच्या नाटकात माणूस नाही, ही शेवटची उणीव. चापेक यांचा भटक्या फार काही करत नाही. बघतो, हसतो, चिडतो, कुणाची तरी बाजू घेतो आणि फसतो. पण तो स्टेजवर आहे म्हणून किड्यांचं जग किड्यांचं राहतं आणि तुलना प्रेक्षकाच्या मनात होते, संवादात करावी लागत नाही. सेनापतीला तो चिरडतो तेव्हा आपल्याला बरं वाटतं, आणि पुढच्याच क्षणी बूट कुणाचा ते दिसतं. तुमच्या जंगलात एक माणूस आणा. लाकूडतोड्या, वनरक्षक, रस्ता चुकलेला एसटीचा प्रवासी, कुणीही. त्याला दहापेक्षा जास्त वाक्यं देऊ नका.

प्राणी बदलायला तुम्ही तयार नसाल तर दुसरीही वाट आहे. इंग्रज नाटककार बेन जॉन्सनने १६०६ च्या सुमारास व्हेनिसमधल्या एका श्रीमंताचं नाटक केलं. नावं कोल्हा, माशी, गिधाड, डोमकावळा, कावळा अशा अर्थांची, पण सगळी माणसं. श्रीमंत कोल्हा मरणाला टेकल्याचं सोंग घेऊन पलंगावर पडतो आणि वारसा मिळेल या आशेने एकेक पक्षी नजराणे घेऊन घिरट्या घालतो. प्राणी फक्त त्या एका चित्रात आहेत, मेल्याचं सोंग घेतलेला कोल्हा आणि वर जमलेले पक्षी. तुमची संहिता मुळात माणसांचीच आहे, तेव्हा मुखवटे, शेपट्या, नावंही काढून टाका आणि असं एकच चित्र ठेवा. पंधरा दिवसांत नाटक उभं राहील.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. आणि चापेक यांचंच नाटक मराठीत करावं असं मनात आलं तर कारेल १९३८ मध्ये आणि योसेफ १९४५ मध्ये वारले, त्यामुळे भारतात मूळ नाटक हक्कांतून मोकळं आहे. पण इंग्रजी भाषांतरांचे हक्क वेगळे असतात, त्यावरून मराठी करण्याआधी चौकशी करा.

पुढच्या रविवारी तालीम ठेवली असेल तर संहिता घरीच राहू द्या. तुमच्या गावाजवळ वीटभट्टी असेलच, तिथे गाढवं असतात. गाढवाची भूमिका करणाऱ्या मुलाला सकाळी लवकर तिथे पाठवा. ओझं उतरवल्यावर, कुणी हाकलायच्या आत, गाढव पहिलं काय करतं ते बघून यायला सांगा. मला माहीत आहे ते काय करतं, पण त्याने ते स्वतः पाहून यावं आणि तुम्हा सगळ्यांसमोर करून दाखवावं. त्यानंतर त्याचा पहिला संवाद पुन्हा वाचा आणि मला कळवा.